‘मले’ आणि ‘मला’

“मॅडम, घरी हा आज्यासंग तासन्‌तास बोलते. शाळेत तोंडच उघडत नाई. सर म्हनतात, पोट्टा मुका आहे काय? मोठा झाल्यावर कसं होईन याचं?”

यवतमाळ जिल्ह्यात समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या आईकडून येतोच. ही आई आठवीतल्या मुलाला घेऊन आली होती. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सातवीपर्यंत गावातली जिल्हा परिषदेची शाळा, आठवीपासून एसटीने तालुक्याला. खिशात पास, म्हणजे कंडक्टरशीही बोलायला नको. सकाळी निघालेला मुलगा दिवसभरात एक शब्द न बोलता घरी येऊ शकत होता, आणि येत होता.

पहिल्या दोन भेटींत मी त्याला ‘बोलत का नाहीस’ असं विचारलं नाही. हा प्रश्न त्याला येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारत होता. पोळा जवळ आला होता, म्हणून बैलांच्या सजावटीबद्दल विचारलं. तिसऱ्या भेटीत त्याने स्वतःहून सांगितलं. आठवीच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी वही का आणली नाही विचारलं. हा म्हणाला, “मले मालूम नोतं, सर.” वर्ग हसला. सर म्हणाले, “‘मले’ नाही, ‘मला’ म्हण.” तेव्हापासून हजेरीलाही नुसता हात वर.

आईला वाटत होतं, आपण लाडावून ठेवला म्हणून हा असा झाला. तसं नाही. काही मुलं तान्ही असल्यापासूनच नवं माणूस, नवी जागा दिसली की बिचकतात. जेरोम केगन या मानसशास्त्रज्ञांनी अशा मुलांकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. त्यातली बरीच मुलं पुढे तितकी बिचकी राहिली नाहीत. हा तसाच मुलगा होता. त्या हसण्याने त्याला गप्प राहायला आणखी एक कारण मिळालं, इतकंच.

आता माझी चूक सांगते. पोळ्याला म्हणायच्या झडत्या त्याला आज्याकडून तोंडपाठ होत्या, आणि माझ्यासमोर त्याने एक म्हणूनही दाखवली, ‘हर बोला हर हर महादेव’सकट. मी हुरळले. वर्गशिक्षकांना सांगून शाळेच्या कार्यक्रमात त्याचं नाव घातलं, त्याला न विचारता. तो तीन दिवस शाळेत गेला नाही. त्याच्याजवळ निवांतपणाची जी एक जागा होती, तिचंच मी स्टेज केलं होतं. मी त्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही, पण पुढच्या भेटीला आला.

मग चालना मिळाली ती मराठीच्या चाचणीच्या पेपरातून. प्रश्न होता, ‘धुरा सांभाळणे’ म्हणजे काय? याने लिहिलं होतं, ‘वावराच्या बांधाची राखण करणे.’ सरांनी लाल रेघ मारली होती, पण पेपर मला दाखवताना तेही हसत होते. सर पश्चिम महाराष्ट्रातले. इकडे धुरा म्हणजे बांध, हे त्यांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, “सर, हे त्यालाच विचारा ना. वर्गासमोर नको, वऱ्हांड्यात.” त्यांनी विचारलं. माणूस खरंच चांगला. मग पराटी, बंडी, डवरा, जागल असे शब्द सर विचारत गेले आणि हा एकेका वाक्यात सांगत गेला. दिवाळीपर्यंत त्याच्या वहीत असे चाळीसेक शब्द जमले. हजेरीला ‘हजर’ ऐकू यायला मात्र जानेवारी उजाडला.

त्याच सुमारास मी त्याला रिद्धपूरबद्दल सांगितलं. अमरावती जिल्ह्यातलं हे गाव. मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानलं जाणारं ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात तिथे लिहिलं गेलं, आणि आता तिथेच मराठी भाषा विद्यापीठ आहे. तो बराच वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, “म्हंजे आपल्या इकडचंच?”

सगळ्याच गप्प मुलांचं असं नसतं. मूल घरी बोलतं, पण शाळेत महिना-महिना अजिबात बोलत नाही, शाळेच्या नावाने पोट दुखतं, जेवण-झोप बिघडते, तेव्हा ‘लाजाळू आहे’ म्हणून सोडू नका. तालुक्याला समुपदेशकाला दाखवा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा. फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि पाहुण्यांसमोर ‘हा असाच आहे, मुखदुर्बळ’ म्हणणं थांबवा. मूल ते ऐकत असतं.

मुलगा आता दहावीत आहे. आईची तक्रार अजून संपलेली नाही. “बोलते मॅडम, पन कमीच बोलते.” मी म्हटलं, तुम्ही तरी कुठे फार बोलता? ती पदर तोंडाला लावून हसली.

परवा भेटला तेव्हा मी विचारलं, “तोंडी परीक्षेत ‘मले’ म्हणशील की ‘मला’?”

“सरायपुढं ‘मला’. आबापुढं ‘मले’,” तो म्हणाला, आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठला.