सेल्फ क्लीनचं बटण दाबल्यावर ओव्हनच्या आत नेमकं काय होतं?

भाड्याच्या घरातल्या ओव्हनवर 'सेल्फ क्लीन' असं बटण आहे, तर साबण आणि पाणी कुठे घालायचं, असं तुम्ही विचारलंय. कुठेच नाही. न्यू जर्सीत नवीन असताना मीही साबणाचा कप्पा शोधत बसले होते, त्यामुळे हसत नाहीये.

हा ओव्हन धूत नाही, जाळतो. केक-पिझ्झा करताना आपण फार तर 250 अंश सेल्सिअसपर्यंत जातो. या बटणाने आतलं तापमान 480 च्या आसपास, म्हणजे इथल्या हिशोबात 900 फॅरनहाइटपर्यंत चढतं. तिथे ओघळलेलं चीज, तेलाचे शिंतोडे, उतू गेलेला पाक, सगळ्याचा आधी कोळसा होतो आणि मग राख. याला पायरोलिसिस म्हणतात. जनरल इलेक्ट्रिकने 1963 मध्ये असा ओव्हन बाजारात आणला. दार आपोआप कुलूपबंद होतं आणि आतलं पुरेसं निवेपर्यंत उघडत नाही. दोन ते चार तास जाळणं, वर निवायला वेळ. ओढून उघडायच्या भानगडीत पडू नका.

शेवटी तळाशी चिमूटभर करडी राख उरते, उदबत्तीची असते तशी हलकी. ओल्या फडक्याने पुसली की झालं.

आता खरं काम बटणाच्या आधीचं. आपल्याकडे बऱ्याच घरांत ओव्हन म्हणजे कढया ठेवायचं कपाट, तेव्हा आधी आत डोकावा! जाळ्याही बाहेर काढा. पहिल्या वेळी मी विसरले. चकचकीत जाळ्या काळवंडून निघाल्या आणि सरकेनात. कडांना तेलाचं बोट लावल्यावर सरकू लागल्या, चकाकी मात्र गेली ती गेलीच. तळाशी तेलाचं थारोळं असेल तर तेही पुसून घ्या, नाहीतर धुराने घरातला अलार्म बोंबलेल. दाराभोवतीची विणलेली दोरी घासू नका आणि ओव्हन साफ करायचा फवारा आत मारू नका, आतल्या भिंतींवरचा काचेसारखा लेप, म्हणजे एनॅमल, खराब होतो.

खिडक्या उघड्या, चिमणीचा पंखा चालू. धुरात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. घरात पोपट किंवा लव्हबर्ड असेल तर त्या दिवशी त्याला दुसऱ्या घरी पाठवा. पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात, या धुराने ते दगावतात.

तुमच्या बटणावर 'स्टीम क्लीन' असेल तर गोष्ट वेगळी. त्यात तळाशी खरंच पाणी ओततात, साधारण कपभर. अर्ध्या-पाऊण तासात वाफेने डाग नुसते मऊ होतात, पुसायचं आपल्यालाच. ताज्या डागांना ठीक आहे, जुन्या करपलेल्या थराला त्याचं काही चालत नाही.

मी वर्षातून दोनदा जाळते, पण दिवाळीच्या आठवड्यात कधीच नाही. एवढ्या उष्णतेत कधीकधी सुरक्षेचा फ्यूज उडतो, मग मेकॅनिक येईपर्यंत ओव्हन थंड आणि नानकटाईचे गोळे ताटात तसेच.