गोधडीला लाल लागलाय? मग ती वाळू देऊ नका

प्रश्न : ताई, सासूबाईंची जुनी सुती लुगडी आणि सासऱ्यांचं पांढरं धोतर घेऊन नातवासाठी गोधडी शिवली. मध्ये लाल खणाचे चौकोन आहेत. मशीनमध्ये थंड पाण्यात एकदाच धुतली, तर धोतरावर गुलाबी डाग पडले. शेजारच्या काकूंनी मिठाच्या पाण्यात घालायला सांगितलं. तेही केलं, पण काही फरक नाही. गोधडी अजून ओलीच आहे. वाचेल का? — एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : वाचेल, आणि ओली आहे ही तुमच्या बाजूची सर्वांत मोठी गोष्ट आहे. तशीच राहू द्या. कापड वाळताना पाणी जिथून उडून जातं, तिकडे सुटा रंग सरकतो आणि तिथेच साचतो. म्हणून वाळलेल्या डागाची कड जास्त गडद दिसते. इस्त्रीचा तर विचारही नको.

आधी मिठाचं सांगते, कारण हा सल्ला घरोघरी दिला जातो आणि त्यापायी चांगल्या गोधड्या वाया जाताना पाहून मला फार वाईट वाटतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रंगाच्या कारखान्यात, तिथल्या लॅबमध्ये माझी नोकरी झाली. सुती कापड रंगवताना आम्ही पाण्यात मीठ घालायचो ते पाण्यातला रंग सुतावर ढकलण्यासाठी. म्हणजे रंग सुटलेल्या गोधडीला मिठाच्या पाण्यात घातलं, तर मीठ तोच लाल धोतराकडे ढकलणार. व्हिनेगर रेशीम आणि लोकर रंगवताना कामाला येतं, सुतावरचा रंग त्याने पक्का होत नाही. तुरटी लागते ती मंजिष्ठेसारख्या वनस्पतींच्या रंगाला, तीही रंगवण्याच्या वेळी. बाजारात रंग पक्का करायचं द्रावण मिळतं, ते शिवण्याआधीच्या कापडासाठी ठीक. आता वापरलंत तर धोतरावरचा गुलाबीही पक्का होऊन बसेल.

तुम्हाला हवंय ते गरम पाणी, आणि ते भरपूर. पण त्याआधी खणाचा एक दोरा उसवून जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम आहे, तेव्हा पाणी हाताला सोसेल इतपतच घ्या. कागद जळल्यासारखा वास आला तर सूत किंवा रेयॉन. सुताला गीझरचं कढत पाणी थंड न मिसळता चालतं. रेयॉन ओलं असताना कमजोर होतं, म्हणून अशी गोधडी उचलताना खालून दोन्ही हातांचा आधार द्या.

घरातला सर्वांत मोठा टब किंवा पाण्याचा ड्रम घ्या. एका बादलीमागे चमचाभर या हिशोबाने भांडी घासायचं लिक्विड घाला आणि गोधडी पूर्ण बुडवा. पूर्ण म्हणजे पूर्ण. कोपरा वर तरंगत राहिला तर सुटलेला रंग त्या कोपऱ्यात चढतो. वर एखादं स्टीलचं ताट ठेवून त्यावर पाण्याने भरलेली बरणी ठेवा. साबण सुटा रंग पाण्यातच धरून ठेवतो, आणि पाणी जितकं जास्त तितका तो विरळ होऊन पांढऱ्यावर बसत नाही. छोट्या बादलीत कोंबलेली गोधडी म्हणूनच जास्त बिघडते.

रात्रभर राहू द्या. सकाळी काचेच्या ग्लासात ते पाणी घ्या आणि मागे पांढरा कागद धरा. गुलाबी झाक दिसली की पाणी ओतून टाका, पुन्हा गरम पाणी, पुन्हा लिक्विड. ग्लासातलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच करत राहायचं. पहिल्या पाण्यानंतर डाग थोडा फिका झालेला दिसतो आणि माणूस तेवढ्यावर खूश होऊन ती दांडीवर टाकतो. तसं करू नका. ब्लीच तर मुळीच नको, जुन्या धोतराचा दोरा आधीच विरलेला असतो आणि लुगड्याचा रंगही जाईल.

आणखी एक गोष्ट नीट बघा : डाग नेमका आहे कुठे? खणाच्या चौकोनाला लागून असेल तर दोष खणाचा. पण धोतराच्या मधोमध, टाक्यांच्या ओळीने गुलाबी ठिपके असतील, तर रंग आतल्या थरातून दोऱ्याच्या भोकांवाटे वर आलाय. आत भरायला जुना परकर घातलाय का, ते आठवा. गडद मरून परकर हा गोधडीचा छुपा शत्रू आहे. तसं असेल तर भिजवण्याच्या आणखी फेऱ्या लागतील, पण निघेल.

‘इतकी वर्षं धुतलेल्या कपड्याचा रंग कसा गेला?’ असं तुम्हाला वाटत असेल. लुगडी आपण थंड पाण्यात खळबळून काढतो, आणि खणाच्या चोळीला तर पाणी क्वचितच लागतं. सुटा रंग इतकी वर्षं आतच बसून असतो. लॅबमध्ये आम्ही रंगीत नमुन्याला पांढरं कापड शिवून दोन्ही गरम साबणाच्या पाण्यात एकत्र धुवायचो, आणि पांढऱ्याला किती लागला ते बघून 1 ते 5 गुण द्यायचो. पाच म्हणजे अजिबात नाही. पुढची गोधडी शिवण्याआधी प्रत्येक गडद कापडाचा तळहाताएवढा तुकडा असाच पांढऱ्याला टाका घालून वाटीभर गरम पाण्यात अर्धा तास ठेवा. दोऱ्याचंही तसंच, लाल दोरा बऱ्याचदा कापडाहून कच्चा निघतो.

वाळवताना पिळू नका. निथळू द्या, मग दोन दांड्यांवर आडवी पसरा आणि पंखा लावा. पावसाळ्यात आपल्याकडे गोधडी वाळायला दिवस लागतात, तेवढा वेळ उरलेल्या रंगाला सरकायला मिळतो. म्हणून ग्लासातलं पाणी स्वच्छ झाल्याशिवाय ती टबातून बाहेर काढायचीच नाही.

प्रश्न : जांभळी नाक्यावरून निळीचं अजरख आणलंय. शिवताना बोटं निळी होतात. गरम पाण्यात भिजवू का? — एक वाचक, नौपाडा

उत्तर : त्याने फारसा उपयोग होणार नाही. नीळ पाण्यात विरघळत नाही, ती दोऱ्यावर थरासारखी बसते आणि घासली की निघते. तुम्ही काय जोडलंय ते लिहिलेलं नाही, पण शेजारी पांढरं असेल तर ते तुकडे सध्या बाजूला ठेवा. अजरख वेगळं, उलट्या बाजूने, थोड्याशा लिक्विडच्या पाण्यात धुवा. वाळल्यावर पांढरा रुमाल त्यावर जोरात घासा, आधी कोरडा, मग ओला. ओल्या रुमालाला जास्त लागतं, तेच खरं मानायचं. रुमाल जवळजवळ पांढरा राहीपर्यंत धुणं चालू ठेवा, मगच कापा. आणि पुढच्या वेळी अख्खा तागा घेण्याआधी दुकानातच रुमाल घासून बघा. कापडाची जाण असलेला दुकानदार त्याला नाही म्हणत नाही.