ब्रिटनचे नंतर पाहू, आधी मनिलाचा फ्लॅट

दुबईत नोकरी करणाऱ्या, मूळ साताऱ्याच्या एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या फिलिपिनो पत्नीने ब्रिटनमधून आलेली परिचारिकेची नोकरी स्वीकारावी का. त्या सदतीस वर्षांच्या असून अकरा वर्षे दुबईतच अतिदक्षता विभागात आहेत व पगार ९,००० दिरहम आहे. जाता जाता वाचक लिहितात, ‘या लोकांच्या हातात पैसा टिकत नाही.’

ब्रिटनमधील सुरुवातीच्या पगारातून कर आणि निवृत्तिवेतनाची कपात गेल्यावर हातात महिना दोन हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे साधारण आजच्याइतकेच पैसे पडतील. लाभ आहे तो पुढेमागे तेथे कायमचे राहता येण्याचा, आणि तो खरा आहे. परंतु हा निर्णय घेण्याची मोकळीक आज आपल्याला आहे का, याविषयी मला शंका आहे.

आधी त्या शेऱ्याबद्दल. आपल्या पत्नीने फिलिपिन्सच्या इलोइलो शहरातील खासगी रुग्णालय सोडले तेव्हा, आपणच लिहिल्याप्रमाणे, त्यांना १२,००० पेसो मिळत होते. आजचा पगार, दिरहमला १५ पेसो धरले, तर १,३५,००० पेसो होतो. सरकारी परिचारिकेची सुरुवात पंधराव्या वेतनश्रेणीत व्हावी, असा कायदा फिलिपिन्सने २००२ साली केला. प्रत्यक्षात ती श्रेणी हाती पडायला २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला आणि २०२० साल उजाडले. खासगी रुग्णालयांना ती आजही बंधनकारक नाही. शिवाय माणसे परदेशी कामाला पाठवणे हे १९७४ पासून तेथील सरकारचेच धोरण आहे. अशा घरातील थोरली बहीण, तेथील भाषेत ‘आते’ (आपल्या आत्याशी संबंध नाही, ही ताई), बाहेर पडली नाही तर धाकट्यांचे शिक्षण थांबते. त्यांनी दरमहा ३,००० दिरहम पाठवून दोन भावंडे पदवीधर केली. हा पैसा उडाला असे मी म्हणणार नाही.

उडतो आहे तो पत्राच्या शेवटी आपण कंसात उल्लेखलेल्या फ्लॅटमध्ये. मॉलमधील स्टॉलवर, पाया न खोदलेल्या इमारतीतील ६० लाख पेसोंची सदनिका आपण दोघांनी नोंदवली. महिना २५,००० प्रमाणे ४८ हप्त्यांपैकी २० भरले. चार वर्षांत फ्लॅट आपला होईल, असे आपण लिहिता. होणार नाही. ते ४८ हप्ते म्हणजे केवळ सुरुवातीचे १२ लाख आहेत. उरलेल्या ४८ लाखांचे कर्ज आठ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी काढले, तरी महिना ४६,००० पेसो, म्हणजे तीन हजार दिरहमहून अधिक लागतील. एजंटने ४०,००० भाड्याचे गाजर दाखवले आहे. मनिलात न विकलेल्या सदनिकांचा ढीग पडलेला असताना २५,००० मिळाले तरी नशीब समजा, आणि देखभालखर्च त्यातूनच जायचा. ब्रिटनमधील घरभाडे भरून वर ही तूट सोसणे त्या पगारात बसत नाही.

मात्र आजच हप्ते थांबवू नका. हप्त्याने घर घेणाऱ्यांसाठीच्या तेथील १९७२ च्या मसेडा कायद्यानुसार दोन वर्षांचे हप्ते भरलेल्याला, करार रद्द झाल्यास, भरलेल्या रकमेचा निम्मा भाग परत मिळतो. त्याआधी मिळते ती केवळ थकलेला हप्ता भरायला साठ दिवसांची सवलत. म्हणजे आज सोडलेत तर पाच लाख बुडाले. आणखी चार हप्ते भरून सोडलेत तर सहा लाखांतले तीन परत. शिवाय बांधकाम ठरल्या मुदतीत होत नसेल, तर तेथील १९७६ च्या सरकारी आदेशानुसार पूर्ण रक्कमही मागता येते. म्हणून करारातील ताब्याची तारीख आधी पाहा आणि कागद मनिलाच्या वकिलाला दाखवा, एजंटला नव्हे.

मामेबहिणीने गळ्यात मारलेली ८,००० पेसो हप्त्याची विमा-गुंतवणूक योजना म्हणजे आपल्या युलिपची सख्खी बहीण. तीन वर्षांत २ लाख ८८ हजार भरून खात्यात १ लाख ६० हजार दिसतात, यावरून काय ते समजा. आधी निव्वळ मुदतीचा विमा घ्या, तो हाती आला की ही बंद करा.

त्याच पैशांतून पत्नीचे फिलिपिन्सच्या सामाजिक सुरक्षा निधीतील खाते पुन्हा चालू करा. मासिक निवृत्तिवेतनाला १२० हप्ते लागतात आणि त्यांचे ३१ वरच अडले आहेत. गेल्या वर्षांचे भरून काढता येत नाहीत, पण उरलेले ८९ साडेसात वर्षांत होतात.

ब्रिटनला होकार कळवण्याची मुदत किती आहे, ते आपण लिहिलेले नाही. चार महिन्यांहून अधिक असेल, तर चोविसावा हप्ता भरल्यावर ताब्याच्या तारखेसह पुन्हा लिहा.