वाचकांचे प्रश्न : एका पडद्यावर निऱ्या, दुसऱ्यावर नुसता काळा गठ्ठा

प्रश्न : माझ्याकडे एक आयपीएस मॉनिटर डिस्प्लेपोर्ट केबलवर आहे आणि एक व्हीए मॉनिटर एचडीएमआयवर (आयपीएस आणि व्हीए हे एलसीडी पॅनेलचे दोन प्रकार). दोन्ही एकाच कॅलिब्रेटरने (पडद्याचे रंग मोजून जुळवणाऱ्या उपकरणाने) १२० निट उजेड, ६५०० केल्विनचा पांढरा आणि गॅमा २.२ (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा उजळत जाण्याचं वळण) वर लावले. तरी काळ्या चंद्रकळेच्या फोटोत आयपीएसवर निऱ्या मोजता येतात, व्हीएवर सगळं काळं. खरं कुठलं मानायचं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कॅलिब्रेटरला दोष देण्याआधी एचडीएमआयची केबल काय वाहून नेतेय ते बघा. ग्राफिक्स कार्ड छटांचे आकडे ० (काळा) ते २५५ (पांढरा) असे पाठवतंय आणि मॉनिटर मात्र टीव्हीसारखा १६ ते २३५ धरून बसलाय, असं झालं की १६ पर्यंतच्या सगळ्या छटा एकजात काळ्या होतात. (उलट गडबड असेल तर काळा धुरकट राखाडी दिसतो.)

तपासणी सोपी आहे. फोटोशॉपमध्ये शुद्ध काळ्या फाइलवर ४, ८, १२, १६ आणि २० आरजीबीचे चौकोन काढा. 'प्रूफ सेटअप'मध्ये 'मॉनिटर आरजीबी' निवडा, म्हणजे प्रोफाइल (कॅलिब्रेटरने करून दिलेली पडद्याच्या रंगांची नोंद) आड येणार नाही. खोलीत अंधार करून पाहा. १६ पर्यंतचे चारही गायब आणि २० चा दिसतोय, तर दोष रेंजचाच, म्हणजे आकड्यांच्या या पल्ल्याचा. फक्त ४ चा गायब असेल तर केबलला सोडून द्या.

एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'चेंज रिझोल्यूशन'खाली रंगाचा फॉरमॅट आरजीबी आणि डायनॅमिक रेंज 'फुल' करा. मॉनिटरच्या मेनूत हीच गोष्ट 'ब्लॅक लेव्हल' किंवा 'आरजीबी रेंज' अशा नावाने सापडते. तिथेही 'फुल'च हवं. मग कॅलिब्रेशन नव्याने करा. जुनं प्रोफाइल कापलेल्या सिग्नलवर मोजलेलं आहे, आणि मॉनिटरने गिळलेल्या छटा कुठलंही प्रोफाइल परत आणत नाही. त्याआधी डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, गेमिंगचा ब्लॅक इक्वलायझर आणि विंडोजचं एचडीआर बंद करून पडदा अर्धा तास तापू द्या.

एवढं करूनही फरक उरला, तर डोकं वीतभर बाजूला सरकवा. निऱ्या उमटल्या, तर तो व्हीए पॅनेलचा स्वभाव : समोरून पाहताना अगदी गडद छटा दबतात, तिरक्या नजरेला उघडतात. कॅलिब्रेटर समोरून एकाच जागी मोजतो, त्यामुळे यावर त्याचा इलाज नाही. १२० निटला १०००:१ कॉन्ट्रास्टच्या (पांढरा काळ्याच्या हजारपट उजळ) आयपीएसचा काळा ०.१२ निट असतो, ३०००:१ च्या व्हीएचा ०.०४. कागदावर व्हीए सरस. पण सावल्यांचं काम आयपीएसवरच करावं असं आमचं मत.

तुलना करताना दोन्हीकडे फोटोशॉप किंवा लाइटरूमच वापरा. एक पडदा एसआरजीबी या प्रमाणित रंगपद्धतीच्या वळणावर आणि दुसरा साध्या गॅमा २.२ वर असेल, तर १० नंबरची छटा पॅनेलचा काळा वगळता एकीकडे ०.३६ निट, दुसरीकडे ०.१० निट पडते. प्रोफाइल वाचणारं सॉफ्टवेअर हे सांभाळून घेतं, न वाचणारं घेत नाही.

प्रश्न : पडद्यावर सावल्या ठीक, प्रिंटमध्ये मात्र बुडतात. का?

उत्तर : बहुतेक वेळा पडदाच जास्त उजळ असतो. ८० ते १०० निटवर आणून नव्याने प्रोफाइल करा, प्रिंट करताना 'ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन' (फोटोतला काळा कागदावरच्या काळ्याशी जुळवणारी सोय) चालू ठेवा आणि प्रिंट मिणमिणत्या दिव्याखाली तपासू नका.