राजीनामा मात्र लिहून देऊ नकोस

प्रिय बाळा,

"काका, पंधरा हजार रोख देतायत, सही करू का?" नको करूस. तूच पाठवलेल्या फोटोत छापलंय, 'घरगुती कारणास्तव मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.' टॉवेलच्या ऑर्डरी कमी झाल्या म्हणून सोलापूरजवळच्या चिंचोलीच्या शेडमधून तुला काढतायत. त्यात घरगुती काय आहे?

हिशेब बघ. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 13,000, नोकरी 6 वर्षं. कपात म्हणून काढलं तर महिन्याची नोटीस किंवा तिचे 13,000, शिवाय भरलेल्या दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे 39,000. राजीनामा दिलास की हे 52,000 गेले. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम, वेगळी: 13,000 गुणिले 15, भागिले 26, गुणिले 6. झाले 45,000. पाच वर्षं भरल्यावर ती राजीनाम्यानंतरही मिळते, पण त्याच कागदाच्या तळाशी 'सर्व देणी मिळाली, काही बाकी नाही' अशी ओळ आहे. ती वाचलीस का? 97,000 च्या जागी 15,000, आणि वर तुझीच सही.

उद्या पाळीच्या वेळेला गेटवर जा. आत घेतलं नाही तर त्याच दिवशी लिही: 'मी कामावर हजर झालो, मला आत घेतलं नाही, मी काम करायला तयार आहे.' हे पत्र कारखान्याला स्पीड पोस्टाने पाठव आणि पावती ठेव. दुसरी प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का घे. तोंडी सांगून आलास तर गेलाच नाहीस असं समज.

भरपाईसाठी वर्षात 240 दिवस काम दिसावं लागतं. हजेरीकार्ड त्यांच्याकडे असेल, पण ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, पोर्टलवर महिन्यागणिक दिवस आणि पगार दिसतो. त्याची प्रिंट आजच काढ. पीएफच्या पासबुकात सहाही वर्षं एकाच आस्थापनेचं नाव आहे का तेही बघ. एकाच शेडमध्ये दोन-तीन नावं चालवतात आणि शेवटी "आमच्याकडे तू दोनच वर्षं होतास" असं ऐकवतात.

काम सुटलेल्यांसाठी ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. रोजच्या सरासरी पगाराच्या निम्मे, जास्तीत जास्त 90 दिवस, तेही आयुष्यात एकदाच. तुझ्या पगारावर साधारण 19,000 होतील. काम सुटून 30 दिवस झाले की ऑनलाइन दावा भरून शाखा कार्यालयात जा. मालकाची सही लागत नाही. योजनेची मुदत सरकार वाढवत आलंय, तेव्हा सध्या चालू आहे ना ते आधी विचार. गैरवर्तनासाठी काढलेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला हे पैसे मिळत नाहीत. 'स्वखुशीने' हा शब्द तिथेही नडतो. म्हणून पुन्हा सांगतो, लिहून देऊ नकोस. आणि आईची औषधं थांबवू नकोस. एप्रिल ते सप्टेंबरच्या ईएसआयच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत उपचार मिळतात.

पीएफ काढायची घाई कशाला? पुढच्या नोकरीत त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकावर, बदली करून घे. पेन्शनला दहा वर्षं लागतात. आत्ता पेन्शनचेही पैसे उचललेस तर ही सहा वर्षं पुसली जातील. अगदीच अडलं तर आधी आधार आणि पीएफमधलं नाव जुळतं का ते तपास. आपल्याकडच्या तेलुगू आडनावांच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर हललं तरी दावा परत येतो.

मी पोरांना भडकवतो, हातातले पैसे सोडायला लावतो, असं म्हणणारे आहेत. म्हणू देत. सही करून मग कागद दाखवायला येणाऱ्याला मी काय सांगू? तेव्हा सांगण्यासारखं फार थोडं उरतं, आणि तेच मला सहन होत नाही.

शिक्का मिळाला की फोटो पाठव. तो छापील राजीनामा फाडू नकोस. सही नसलेला तो कागद तुझ्या बाजूचा पुरावा आहे.

तुझा,
काका