पहाटे बाहेर काम असतं, बोटं पांढरी पडून बधिर होतात. थंडीत ऊब कशी टिकवायची?

दादा, तुम्ही लिहिलंय की पहाटे साडेचारला मोटारसायकलवर पेपर टाकायला निघता, पंधरा मिनिटांत हाताची बोटं मेणासारखी पांढरी पडतात, मागोमाग पायाची, आणि दोन-दोन हातमोजे चढवूनही काही उपयोग होत नाही. घरात असलं की सगळं ठीक. मी डॉक्टर नाही. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आणि थोडा कांदा आहे, आणि हाच त्रास मला चौदा वर्षं आहे, तेवढ्या अधिकारावर लिहिते.

आमच्याकडची थंडी बातम्यांत येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा चार-पाचवर आला की टीव्हीवाले बागेतल्या शेकोट्या दाखवतात. त्या शेकोट्या घडांसाठी असतात, माणसांसाठी नाही. माणसं तेव्हा ओल्या वाफ्यात वाकून कांदा लावत असतात, नाहीतर रात्रीच्या लाइटीला पाणी भरत असतात.

पहिल्या वर्षी बोटं पांढरी पडली तेव्हा सासूबाईंनी मला शेकोटीपाशी बसवलं. हाताला धग लागतच नव्हती, म्हणून मी हात आणखी पुढे नेले. अर्ध्या तासाने दोन बोटांवर टपोरे फोड. बधिर बोटाला चटका कळत नाही, एवढी साधी गोष्ट, पण ती फोड आल्यावर समजली. तेव्हापासून जाळ नाही, कढत पाणी नाही. कोमट पाणी चालतं, पण तेही बाळाच्या अंघोळीचं बघतो तसं कोपराने बघायचं, बोटांनी नाही. आणि पाणी नसेल तर आपली काख. दोन्ही हात स्वेटरच्या आत काखेत दाबून पाच-सात मिनिटं उभं राहायचं. दिसतं विचित्र, पण पहाटे पाचला बघायला असतं कोण.

आता तुमच्या दोन हातमोज्यांबद्दल. थंडी वाजली की कुणाचंही शरीर हातापायाकडचं रक्त आवरतं आणि छाती-पोटाची ऊब आधी राखतं. आपल्यासारख्यांच्या बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या याबाबतीत जरा जास्तच घाबरट असतात, थोड्या गारव्यानेही गच्च आवळतात. बोट आधी पांढरं, मग निळं, आणि रक्त परत आलं की लालभडक होऊन ठणकतं. याला 'रेनो' म्हणतात, मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरांच्या नावावरून. त्यांनी १८६२ मध्ये हे पहिल्यांदा नीट मांडलं. हातमोजा म्हणजे काही शेगडी नव्हे. रक्ताने आणलेली ऊब तो धरून ठेवतो, बस. रक्तच येत नसेल तर तो धरणार काय? वर एकावर एक घट्ट मोजे म्हणजे जे थोडं रक्त येतंय त्याचीही वाट अडवायची.

म्हणून मी बोटांकडे नंतर बघते, अंगाकडे आधी. रात्रीच्या लाइटीचा आठवडा असला की अंथरुणातून बाहेर पडायच्या आधी स्वेटर आणि कानटोपी चढते. मग काहीतरी गरम पोटात. नुसता चहा नाही, सोबत शिळी का होईना भाकरी. बाजरी गरम, तीळ गरम हे सगळे सांगतात. मला विचाराल तर उपाशी बाहेर न पडणं हेच खरं. मग घरातल्या घरात दहा मिनिटं झाडलोट, म्हणजे अंग तापतं. आणि पायमोजे, हातमोजे हे सगळं दाराच्या आत, हात गरम असतानाच. आपण काय करतो? कुलूप लावतो, गार लोखंडाची फाटकाची कडी उघडतो, गाडी पुसतो, किक मारतो, आणि मग हातमोजे घालतो. तोवर बोटं गार झालेली असतात आणि आपण तो गारठा मोज्यात बांधून घेतो. मोजे रात्री बाहेरच्या दोरीवर ठेवू नका, ते दवाने ओलसर होतात. माझे चुलीच्या वरच्या फळीवर असतात.

तुमची खरी वैरीण थंडी नाही, वारा आहे. हवा पाच अंशांवर असताना चाळीसच्या वेगाने गाडी चालवली तर अंगाला ती शून्याच्याही खाली जाणवते. लोकरीच्या हातमोज्यातून वारा आरपार जातो. हँडलला बसवायच्या रेक्झिनच्या खोळी मिळतात, आतून अस्तर असलेल्या, त्यात मुठीसकट ब्रेक आणि क्लच झाकले जातात. आमच्याकडे दूधवाल्यांच्या गाड्यांना बघते. खोळीच्या आत एक सैलसर हातमोजा पुरतो. पायी असताना मात्र पाच बोटांपेक्षा अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र राहतात तसला मोजा घ्या. बोटं एकमेकांना ऊब देतात. मनगट उघडं ठेवू नका, तिथे रक्तवाहिनी अगदी कातडीखाली असते. मी जुन्या लोकरी पायमोज्यांचे पंजे कापून मनगटाला घालते. छातीवर वारा लागू नये म्हणून स्वेटर आणि शर्टाच्या मध्ये वर्तमानपत्राच्या चार घड्या. तो माल तर तुमच्याकडे गठ्ठ्याने आहे.

पायांनी मला जास्त छळलं. कांद्याच्या लागवडीला मी आता सगळ्यांसारखी अनवाणी उतरत नाही, गमबूट घालते. पण नुसता गमबूट म्हणजे रबराचा माठ, तळवा गारच राहतो. मग एका फाटक्या घोंगडीतून पायाच्या मापाचे दोन तळ कापले आणि आत घातले. लोकर ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही, सुती मोजा मात्र घाम पिऊन गार पडतो. बूट एक नंबर मोठा घ्या, बोटं आत हलली पाहिजेत. गाडीवर चपला तर नकोतच.

गाडी चालवताना बोटांना मुंग्या यायला लागल्या की पांढरी पडायची वाट बघू नका, तिथेच थांबा. हात खांद्यातून गोल गोल, रहाटासारखे, जोरात फिरवा, तीस-चाळीस वेळा. त्या झोक्याने रक्त बोटांकडे ढकललं जातं. पांढरं पडल्यावर हेच करायला जास्त वेळ लागतो. खिशासाठी माझा एक खेडवळ उपाय आहे: निघताना दोन उकडलेले बटाटे फडक्यात गुंडाळून दोन खिशांत. बराच वेळ ऊब देतात आणि परतताना खाता येतात. लोखंडाच्या भुकटीच्या तयार पुड्याही मिळतात. त्या उघड्या कातडीला लावू नयेत.

एक नाजूक गोष्ट. मी मिश्री लावायची. रोज पहाटे, चहाच्या आधी. तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात हे मला आमच्या घरात कुणी सांगितलं नव्हतं, सगळ्याच लावायच्या. सोडल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात फरक कळला. तुम्ही पहाटेच्या चहाबरोबर बिडी-सिगारेट ओढत असाल तर आधी ती बंद. तरुण पुरुषांत बिडीमुळे पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याचा वेगळाच आजार असतो, त्याची सुरुवातही अशीच गार पडणाऱ्या, दुखणाऱ्या बोटांनी होऊ शकते. दारूने गरम वाटतं, पण कातडीकडे रक्त धावून अंगातली ऊब उलट बाहेर जाते.

डॉक्टरांना एकदा दाखवाच. मला एका दवाखान्यात दोन वर्षं नुसत्या रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या, कारण दवाखान्यात शिरेपर्यंत बोटं नॉर्मल झालेली असायची. पुढे भाचीने पांढऱ्या बोटांचा मोबाईलवर फोटो काढून दिला, आणि तो बघून दुसऱ्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत ओळखलं. त्यांनी थायरॉइड बघितलं, संधिवाताशी जोडलेल्या आजारांसाठी रक्त तपासलं. माझं साधंच निघालं, थंडीपुरती निफेडिपिनची, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी दिली. ती मनाने घेऊ नका, बीपी उतरतं. तुम्ही बीपीची किंवा सर्दीची गोळी घेत असाल तर तेही सांगा, त्यातल्या काहींनी हा त्रास वाढतो. एकाच हाताला होत असेल, बोटाच्या टोकाला जखम होऊन भरत नसेल किंवा कातडी ताठ व्हायला लागली असेल, तर हिवाळा संपायची वाट बघू नका. आणि साखर असेल तर पायाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपू नका, माझ्या फोडांची गोष्ट वर सांगितलीच.

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर हँडलच्या खोळी घ्या. हातमोजे आहेत तेच चालतील, फक्त दोनातला एक काढून ठेवा.