गॅलापागोस बेटांवर कासवं वाचवण्यासाठी लाखभर शेळ्या मारल्या, हे खरं आहे का? आणि ते योग्य होतं का?

हो, खरं आहे. आकडा लाखाच्याही वर जातो. 1997 ते 2006 या काळात तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने आणि चार्ल्स डार्विन फाउंडेशनने ‘प्रोजेक्ट इसाबेला’ राबवला. त्यात सँटियागो बेट आणि इसाबेला बेटाचा उत्तर भाग मिळून 1,40,000 पेक्षा जास्त शेळ्या मारण्यात आल्या.

मी पशुवैद्य आहे. माझ्याकडे येणाऱ्या जनावरांत शेळ्याच जास्त, आणि अडलेली शेळी सोडवायला मी रात्री दोन वाजताही गेलो आहे. तरीही माझं उत्तर ‘योग्य होतं’ असंच आहे.

इक्वेडोरपासून सुमारे 1000 किलोमीटरवर ज्वालामुखींतून वर आलेली ही बेटं. तिथे शेळी माणसानेच नेली, ताज्या मटणाची सोय म्हणून. पिंटा बेटावर कोळ्यांनी 1959 मध्ये तीन शेळ्या सोडल्या. पंधराएक वर्षांत त्या 30 हजारांवर गेल्याचा अंदाज आहे. आपली उस्मानाबादी बघा ना, नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीनदा विते, बऱ्याचदा जुळी. तिथे तर लांडगा नाही, बिबट्या नाही, बाजारही नाही.

मला सगळ्यात जास्त लागते ती इसाबेलावरच्या अल्सेडो ज्वालामुखीची गोष्ट. कोरड्या महिन्यांत तिथे ‘गारुआ’ नावाचं धुकं येतं. माथ्यावरच्या झाडांना ते अडकायचं, फांद्यांवरून थेंब थेंब गळायचं, खाली डबकी साचायची. महाकाय कासवं तिथेच पाणी प्यायची, चिखलात पडून राहायची. शेळ्यांनी पाला ओरबाडला, साली सोलल्या, रोपं वाढू दिली नाहीत. झाडं गेली तसं धुकं अडवणारं काही उरलं नाही आणि डबकी आटली.

नुसत्या हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून काम संपत नव्हतं. शेवटच्या शेळ्या कपारींत लपतात. पण शेळी एकटी राहत नाही, कळप शोधतेच. म्हणून काही शेळ्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधून त्यांना सोडलं आणि त्या जिथे गेल्या तिथे शिकारी पोचले. पुढे काही माद्यांची नसबंदी केली आणि हार्मोनचं रोपण करून त्यांना दीर्घकाळ माजावर ठेवलं, म्हणजे लपलेले बोकड आपणहून बाहेर येतील. माझ्याच शास्त्राचा हा वापर वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

अनेकजण विचारतात, थोड्या शेळ्या ठेवल्या असत्या तर? माझ्या मते तेच जास्त क्रूर ठरलं असतं. गाभण माद्या उरल्या की काही वर्षांत पुन्हा तेवढाच कळप, पुन्हा बंदुका, आणि हे कायमचं. पकडून बाहेर न्यायचं म्हटलं तर लाव्हाच्या धारदार खडकांवरून, पाण्याशिवाय, लाखभर जनावरं हाकायची कशी? मांस तिथेच पडू दिलं, कारण त्यातली पोषकद्रव्यं त्याच मातीत परत जायला हवी होती.

सगळं गोड झालं असंही नाही. सँटियागोवर झाडोरा परतला आणि रेल नावाचा जमिनीवर वावरणारा छोटा पक्षी वाढला. पण तिथला बाज उघड्या जमिनीवर शिकार करायला सरावलेला होता, दाट झुडपांत त्याचे हाल झाले.

एस्पान्योला बेटाचं उदाहरण मात्र जरूर बघा. तिथे फक्त 14 कासवं उरली होती, 12 माद्या आणि 2 नर. त्यांना सांताक्रूझ बेटावरच्या प्रजनन केंद्रात आणलं, सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातला दिएगो हा तिसरा नर त्यांच्यात सोडला. दरम्यान 1978 पर्यंत एस्पान्योलावरून शेळ्या हटवल्या. मग केंद्रात वाढलेली पिल्लं टप्प्याटप्प्याने बेटावर सोडत गेले, जवळजवळ 2000. जून 2020 मध्ये ती मूळची पंधराही कासवं, दिएगोसकट, आपल्या बेटावर परतली. शेळ्या तिथेच असत्या, तर कासवांना खायला निवडुंगही उरले नसते.